कोरियात पहिल्यांदाच: पोटोबाचे नऊ दिवस

चिमूटभर

मे महिन्यात कोरियाला जाऊन आले. ऑफिसचं काम दोन दिवसांचं, त्याला रजा जोडून नऊ दिवस. एकटीच. जायच्या आधी इथे शोधाशोध केली, तर कोरियावरचे सगळे धागे मालिका आणि त्यातल्या गोऱ्यापान नायकांवरच निघाले. पोटाचं कोणी काही लिहीना. म्हणून हा खादाडीपुरता धागा.

आधीच सांगते: मी अंडी, चिकन, मासे खाते, बीफ-पोर्क नाही. आईने दशम्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. दशम्या विमानातच संपल्या. मेतकूट पिशवी न फोडता परत आलं. चटणीचं पुढे येईल.

पहिल्या रात्री सोलमध्ये हॉटेलच्या मागच्या गल्लीत टेबलावर निखारे ठेवून मांस भाजतात तसलं एक हॉटेल दिसलं. फलकावर कोंबडीचं चित्रही होतं. आत गेले. बाईंनी दोन बोटं दाखवली. मला वाटलं, दोन मिनिटं थांब म्हणतायत. थांबले. त्या परत आल्या, परत दोन बोटं. मी हसून मान डोलावली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे एक बोट केलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग पुन्हा दोन बोटं. तेव्हा उजेड पडला. भाजणीच्या हॉटेलांत बऱ्याच ठिकाणी कमीत कमी दोन माणसांचं मागवावं लागतं. एकट्या जीवाला तिथे थारा नाही.

उपाशीपोटी पुढच्या गल्लीत एका छोट्या खानावळीत शिरले. चार टेबलं, एक साठीच्या बाई, भिंतीवर मोजून पाच पदार्थांची नावं. फोन धरून भाषांतर केलं आणि भाजलेल्या बांगड्यासमोर बोट ठेवलं. (बांगडा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड भाऊ. तिकडे त्याला गोदुंगॉ म्हणतात.) मासा यायच्या आधीच बाईंनी टेबलावर बशा मांडायला सुरुवात केली. आंबवलेल्या कोबीची किमची, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, पालकासारखी एक पालेभाजी, सोया सॉसमधले गोडसर बटाटे, वाळवलेल्या इवल्या माशांचं कुरकुरीत सुकं, अंड्याच्या पोळीची गुंडाळी. सहा बशा! मी हातवारे करून सांगतेय, हे मी मागवलं नाही हो. त्या ऐकायला तयार नाहीत. डोक्यात बिलाचा हिशेब सुरू झाला.

शेवटी बिल झालं दहा हजार वॉन, म्हणजे आपले सहाशेच्या आसपास. बशांचे पैसे नसतातच. त्यांना बान्चन म्हणतात, त्या जेवणाबरोबर येतात आणि संपल्या की पुन्हा मागता येतात. टिप देण्याची पद्धतही नाही.

पण खरी गंमत वेगळी. मी आधी किमची खाल्ली. नुसती. आंबट, खारट, लसणाचा ठसका. मग नुसता भात खाल्ला. बेचव. मग एकेक बशी संपवायला घेतली. बाई लांबून बघत होत्या. त्यांना राहवेना. आल्या, माझा चमचा घेतला, त्यावर भात घेतला, भातावर माशाचा तुकडा, त्यावर किमचीचा एवढासा तुकडा, आणि चमचा माझ्या हातात दिला.

म्हणजे ही आपल्या ताटाची डावी बाजू होती! मी ती उजवी समजून खात होते. एखाद्या परदेशी पाहुण्याने वाटीभर कैरीचं लोणचं नुसतं खाऊन "मराठी जेवण फार खारट बुवा" म्हणावं, तसा माझा कारभार. त्या घासानंतर नऊ दिवस मी "अमुक प्रसिद्ध पदार्थ खायचाच" ही यादी बाजूला ठेवली आणि जिथे भात-सूप-बशा मिळतील तिथे जेवले. अशा घरगुती जेवणाला बेकबान म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी तेच खावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी फजिती: भाताची वाटी स्टीलची, झाकण असलेली आणि चटका बसेल इतकी गरम. मी ती हातात उचलून खायला गेले. तिकडे वाटी टेबलावरच ठेवायची, उचलायची ती जपानमध्ये. चमचे-काड्या कुठे दिसेनात म्हणून बोटांनी सुरुवात करणार, तेवढ्यात शेजारच्याने टेबलाच्या बाजूचा खण ओढून दाखवला. काड्याही धातूच्या आणि चपट्या, घसरतात. पाणी तपकिरी आलं म्हणून मी परत करत होते, ते भाजलेल्या सातूचं पाणी निघालं. आता घरी मी तेच करते.

दुसऱ्या दिवशी ग्वांगजांग मार्केट. १९०५ पासूनचा बाजार. मूळचा कापडाचा, अजूनही अर्ध्यात कापडच. मधल्या बोळांत खाण्याचे ओटे. तिथे मोटरवर फिरणारी दगडी जाती आहेत. वरून भिजवलेले सोललेले मूग आणि पाणी ओततात, खालच्या पाळीतून पिवळं पीठ ओघळतं. त्यात मोड आलेलं कडधान्य, कांद्याची पात घालून बोटभर जाडीचं धिरडं करतात आणि तळल्यागत सढळ तेलात खरपूस भाजतात. नाव बिन्देत्तॉक. सोबत सोया सॉसमध्ये मुरवलेल्या कांद्याच्या फोडी. बाकड्यावर खेटून बसायचं आणि जात्याची घरघर ऐकत खायचं. मी सलग दोन दिवस गेले.

जॉन्जूला बिबिम्बाप खाल्ला. बाप म्हणजे भात, बिबिम म्हणजे कालवलेला. मी रंगीत भाज्या सुबक वाटेवाटेने खात होते, तेव्हा समोरच्या आजोबांनी हवेत हात गोल फिरवून दाखवला: कालव, बाई, कालव! बुसानला जागाल्ची मासळीबाजारात खाली मासा घ्यायचा आणि वरच्या मजल्यावर करून घ्यायचा. छान, पण मला तिथल्या रस्त्यावरच्या होत्तॉकने जिंकलं. कणकेच्या गोळ्यात साखर-दालचिनी भरून तळतात आणि पोट चिरून आत भोपळ्याच्या-सूर्यफुलाच्या बिया कोंबतात. पहिल्याच घासाला पाक हनुवटीवर ओघळला आणि टाळू भाजली. गूळपोळी गरम खाणाऱ्यांना हा धडा नवीन नाही.

चटणी? शेवटच्या रात्री त्याच खानावळीत गेले आणि बाईंना पुडी दिली. त्यांनी वास घेतला, चिमूट तोंडात टाकली, आत गेल्या आणि भातावर चटणी नि वर तिळाचं तेल घालून घेऊन आल्या. दोघींनी खाल्लं. भाषेचं काही अडलं नाही.

कोणी गेलं असेल तर लिहा. माझं काय हुकलं तेही सांगा.

तांबडारस्सा

मस्त लिहिलंय. पण तिखटाचं काहीच नाही? कोल्हापूरकराला तिथे काय मिळेल ते सांगा. इथल्या मॉलमध्ये कोरियन म्हणून लालभडक काहीतरी खाल्लं होतं, गोड निघालं. पैसे परत मागणार होतो.

सुवॉनवाली

धागा बघून राहवलं नाही. सहा वर्षं सुवॉनमध्ये आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे.

@तांबडारस्सा, लाल रंगावर जाऊ नका. त्यांची मिरचीपूड आपल्या ब्याडगीसारखी, रंग जास्त आणि झणका कमी. गोचुजांग तर मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीनचं आंबवलेलं गोडसर वाटण. पण भाजलेल्या मांसाबरोबर कधी हिरव्या मिरच्यांची बशी येते. लांब आणि फिकट ती साधी. आखूड, गडद, चकचकीत दिसली तर ती चॉंगयांग. माझ्या सासऱ्यांनी (गाव गडहिंग्लज!) "काकडीसारखी आहे" म्हणत पहिली खाल्ली आणि त्याच ऐटीत दुसरी उचलली. दुसरी चॉंगयांग होती. नंतर पंधरा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत.

चिमूटभर, त्या खानावळीच्या बाईंना तुम्ही हाक काय मारलीत? तिकडे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे सख्खी मावशी, आईची बहीण! नुसतं "यॉगियो" म्हणजे "अहो, इकडे" म्हटलं तरी चालतं, पण "इमो" म्हटल्यावर एखादी बशी जास्त येते. आणि ती आली की त्या म्हणतील "सर्व्हिस". घाबरू नका. सर्व्हिस म्हणजे तिकडे फुकट, दुकानाकडून.

दुसरं, किमचीबद्दल. तुम्ही हॉटेलात खाल्लीत ती एक. दर घरची वेगळी, अगदी आपल्या गोड्या मसाल्यासारखी. नोव्हेंबरच्या अखेरीला थंडी पडली की किमजांग, म्हणजे वर्षभराची किमची घालायचा घाट. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची दखल घेतली, पण आमच्या शेजारच्या काकूंना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांना काळजी कोबी नीट मुरेल की नाही याची. पहिल्या वर्षी मला बोलावलं होतं. आदल्या रात्री लांबट कोबीचे गड्डे उभे चिरून मिठात घातलेले. सकाळी धुऊन, पिळून निथळत ठेवलेले. मग मुळ्याचा कीस, मिरचीपूड, लसूण, आलं, मिठातली बारीक कोळंबी, तांदळाची पेज, सगळं एका घमेल्यात. कोपरापर्यंत गुलाबी रबरी हातमोजे घालून ते मिश्रण एकेका पानाच्या आत चोपडायचं. मी भराभरा लावत सुटले, तर काकूंनी माझा गड्डा उलगडून बघितला आणि देठाकडचा भाग पुन्हा लावायला लावला. तिथे मसाला नाही पोचला तर आधी देठ नासतो. अगदी अळूवडीचं पीठ लावताना माझी आजी करायची तश्शीच तपासणी. घरोघरी किमचीचा वेगळा फ्रिज असतो. आमच्याकडेही आहे, त्यात सध्या हापूसचा आमरस आहे.

@सर्व शाकाहारी मंडळी, वर आलेली कोळंबी लक्षात घ्या. किमची दिसते कोबीची, पण बहुतेक वेळा ती शाकाहारी नसते. सूपचंही तेच, पाणी सुक्या माशांचं.

नागपुरी_तर्री

लेख चांगला, पण एक तक्रार. बिन्देत्तॉक म्हणजे धिरडं, होत्तॉक म्हणजे गूळपोळी, बान्चन म्हणजे डावी बाजू. प्रत्येक गोष्ट आपल्याच मापाने मोजायची तर तिकीट कशाला काढायचं? जे आपल्याकडे नाहीच त्याबद्दल लिहा ना. (हलके घ्या.)

चिमूटभर

@नागपुरी_तर्री, मुद्दा रास्त आहे. ज्यांना माझ्याकडे जोड नाही ते सांगते. एक, नेंगम्यॉन: बर्फाचा चुरा घातलेल्या थंडगार मांसाच्या रश्श्यात कुट्टूच्या पिठाच्या शेवया, आणि त्या कापायला वेटर कात्री घेऊन येतो. चिकनच्या रश्श्याचं म्हणून खाल्लं. दोन घास "हे काय" आणि तिसऱ्यापासून थांबता येईना. दुसरं, ओकाच्या फळांच्या पिठाची थरथरती तपकिरी जेली. चव जवळपास नाहीच, थोडी तुरट. तीच तिची मजा म्हणे. मला नाही कळली. तिसरं, द्वेन्जांगचा वास. सोयाबीन शिजवून, ठेचून, विटा पाडून वाळवतात, मग मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मातीच्या रांजणात मुरवतात. त्या सूपचा वास पहिल्या दिवशी नकोसा झाला आणि आता पुण्यात पाऊस पडला की त्याचीच आठवण येते.

@सुवॉनवाली, इमो! मी "मॅडम मॅडम" करत होते. आता हळहळ वाटतेय.

हळदुली

पावसाचा विषय निघालाच आहे म्हणून: पाऊस पडला की कोरियन लोकही धिरडी खातात, सोबत माकगॉल्ली, म्हणजे तांदळाची दुधाळ दारू. तळणीचा आवाज पावसासारखा येतो म्हणून, असं तिकडे म्हणतात. कांदाभजीवाल्यांनी नोंद घ्यावी. (सॉरी तर्रीभाऊ, परत तुलना झाली.)

पेठेतलाबाबू

आम्ही ऑक्टोबरात जातोय. मी, बायको आणि आई. आई अडुसष्ट वर्षांची, शुद्ध शाकाहारी, वर चातुर्मास असल्याने कांदा-लसूण बंद. प्रतिसाद वाचून तिकीट रद्द करावं असं वाटू लागलंय. तिला तिकडे भात आणि दही यावर आठ दिवस काढता येतील का? आणि आमच्यासाठी दोन खाद्यपदार्थांच्या फेऱ्या आरक्षित केल्यात, त्यात फेरीवाला दहा ठिकाणी एकेक घास देतो म्हणे. घासाघासाने पोट कसं भरतं ते त्यालाच ठाऊक.

शाकंभरी

@पेठेतलाबाबू, तिकीट रद्द करू नका, पण वाक्यं पाठ करा. मी पूर्ण शाकाहारी, तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी "गोगी प्पेगो जुसेयो", म्हणजे मांस काढून द्या, एवढंच शिकले होते. एका दुकानात मोठ्या विश्वासाने गिम्बाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) मागवला, तर आत हॅमची गुलाबी पट्टी. मी दाखवली. दुकानदाराने अतिशय प्रामाणिकपणे सांगितलं, हे गोगी नाही, हे हॅम आहे. त्यांच्या लेखी गोगी म्हणजे मांसाचा तुकडा. हॅम, मासे, रस्सा, हे सगळं वेगळ्या खात्यात. तेव्हापासून फोनमध्ये कोरियन लिपीत पूर्ण यादी ठेवते: मांस, हॅम, मासे, कोळंबी, माशांचा रस्सा, अंडं चालेल की नाही, सगळं सुटं सुटं. वाचून लोक खरोखर विचार करतात आणि जमत नसेल तर सरळ नाही म्हणतात.

आता चातुर्मासाचं. इथे तुमचं नशीब जोरदार आहे. कोरियन बौद्ध मठांत मांस-मासे तर नाहीच, शिवाय ओसिन्चे म्हणजे पाच उग्र वस्तू वर्ज्य. लसूण, कांद्याची पात आणि त्याच कुळातल्या अजून दोन पाती. पाचवी कोणती माहीत आहे? हिंग! कोरियात हिंग पिकत नाही की वापरात नाही, पण जुन्या ग्रंथांबरोबर संस्कृतातला 'हिंगु' चिनी लिपीतून तिथपर्यंत गेला आणि यादीत बसून राहिला. ज्या वस्तूचा वास कधी आला नाही तीही वर्ज्य. आईंना हे जरूर सांगा.

सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोर बाल्वू गोंग्यांग म्हणून मठाच्या जेवणाचं उपाहारगृह आहे. जोग्ये पंथच चालवतो. महाग आहे आणि आधी आरक्षण करावं लागतं, पण कमळाची मुळं, रानभाज्या, टोफू, मशरूम, एकेक पान नीट कळतं. बाल्वू म्हणजे भिक्षूंचे एकात एक बसणारे वाडगे. तिकडे पानात काही टाकत नाहीत, हे आईंना आवडेल.

दही विसरा. साधं दही दुकानात शोधावं लागतं, मिळतं ते बहुधा गोड. भोपळ्याची खीर म्हणावी अशी होबाकजुक बरेच ठिकाणी मिळते. उन्हाळ्यात कोंगगुक्सू, म्हणजे सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवया. ऑक्टोबरात ती बहुतेक नसेल.

सुवॉनवाली

@पेठेतलाबाबू, तारखा कोणत्या? यंदा (२०२५) चुसॉक, म्हणजे त्यांचा सुगीचा सण, ६ ऑक्टोबरला आहे, आपल्या कोजागिरीच्याच दिवशी. ३ ते ९ सलग सुट्टीसारखंच. लोक गावी जातात, पितरांना पान वाढतात, कबरींवरचं गवत काढतात. छोट्या खानावळी बंद, रेल्वेची तिकिटं गायब. त्या आठवड्यात येऊ नका. आलातच तर सोंगप्यॉन मात्र खा. तांदळाच्या उकडीत तीळ-साखर भरून अर्धचंद्र वळतात आणि पाइनच्या सुया पसरून त्यावर वाफवतात. कळ्या पाडायला येत नसल्या तरी जमतं. माझे मोदक आयुष्यात धड झाले नाहीत, पण हे जमले.

पेठेतलाबाबू

वाचवलंत. १० ते १७ आहे. बाल्वूचं बघतो. घासवाल्या फेऱ्या रद्द केल्या.

तांबडारस्सा

मिरचीवरून आठवलं. मिरची त्यांच्याकडे सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोचली, जपानी स्वाऱ्यांच्या सुमारास, असं बहुतेकांचं मत आहे. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिचं नाव चक्क 'जपानी मोहरी' आहे. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांनी उतरवली. म्हणजे त्यांच्या आणि आमच्या रश्श्याचा रंग एकाच गलबताच्या कृपेने. त्याआधी किमची पांढरी होती. आणि कोल्हापूर? विचारच करवत नाही.

पेठेतलाबाबू

दिवाळीच्या गडबडीत लिहायला उशीर झाला, माफी.

आठ दिवस सुखरूप पार पडले. शाकंभरींची यादी कोरियनमध्ये उतरवून आईच्या गळ्यात ओळखपत्रासारखी अडकवली होती. ती कोणालाही थांबवून दाखवायची, गरज नसताना सुद्धा. बाल्वू गोंग्यांगला आईने वाळवलेल्या नेच्याची रानभाजी दोनदा मागितली. हिंगाची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "मग त्यांची आमटी कशी लागत असेल?" पहिल्या दिवशी मी "इमो" म्हणून हाक मारली ती नेमकी पंचविशीतल्या मुलीला. तिने मला उलट "आजोबा" वगैरे काही म्हटलं नाही, हे तिचे उपकार. दुसरीकडे खऱ्या मावशी होत्या, तिथे खरंच बशी आली. "सर्व्हिस!"

ग्वांगजांगला आई काही खाणार नव्हती, पिठात कांद्याची पात. आम्ही दोघं बाकड्यावर बसून खात होतो आणि ती उभी. वीस मिनिटं जात्यासमोर. ओट्यावरच्या बाईंना वाटलं, जागा नाही म्हणून उभी आहे. त्यांनी दोनदा सरकून जागा केली. आई हलेना. मग तिने पुढे होऊन ओघळणारं पीठ अंगठा आणि बोटात धरून चोळून बघितलं. मी घाबरलो, आता ओरडणार. त्या बाईंनीही तेच पीठ तसंच चिमटीत घेऊन चोळून दाखवलं आणि अंगठा वर केला.

@सुवॉनवाली, आईने खास विचारायला सांगितलंय: तिकडे जात्याला टाकी कोण लावतं, आणि किती दिवसांनी? पीठ जरा भरड येत होतं म्हणे.